एका फीमध्ये दोन मुलं

८ जानेवारी

दादा,

नमस्कार-चमत्कार राहू देत, मी दमले आहे. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. पाकीट निदान उत्सुकतेपोटी तरी फोडशील. पत्ता आईने दिला. तिच्यावर चिडू नकोस. मी आठवडाभर तिचं डोकं खाल्लं तेव्हा ती वैतागून म्हणाली, "घे बाई, पण मी दिला म्हणून सांगू नकोस." तेही सांगून मोकळी झाले.

मुद्द्याचं आधी लिहिते, कारण दुसरं पान तू वाचशील याची मला खात्री नाही. तू परत ये. जूनमध्ये माझी डिग्री संपते आणि संपली की बाबा व्हॉल्व्हचा कारखाना माझ्या गळ्यात मारणार आहेत. सगळा. मशीनंही आणि ऑफिसही. मला तो नकोय. एका तपासणी प्रयोगशाळेत मला नोकरी मिळण्यासारखी आहे, इथून खूप लांब, जुलैपासून. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू दाबून, ताणून, तोडून बघायच्या आणि कागदावर लिहायचं: तुटली. बस. संध्याकाळी घरी. आत्ता मला याहून सुंदर काही सुचत नाही. बाबांना यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही. तू आलास तर मी सुटते, एवढं साधं आहे.

ही डिग्री काय चीज आहे ते तुला माहीत नसेल, कारण तू गेल्यावरच ती आपल्या घरात आली. बाबांचा आधीचा बेत तुला पाठ आहे. थोरला इंजिनिअर होऊन मशीनं बघेल, धाकटी व्यापार शिकून ऑफिस बघेल. मग तुमचं ते भांडण झालं, तू निघून गेलास, मी नुकतीच शाळा संपवून घरी लोळत होते, आणि कुणीतरी बाबांच्या हातात विद्यापीठाचं माहितीपत्रक दिलं. पाच वर्षांत इंजिनिअरिंग आणि व्यवस्थापन, दोन्ही एकत्र. बाबांचा चेहरा कसा उजळला ते तू बघायला हवं होतंस. आईला म्हणाले, "एका फीमध्ये दोन मुलं झाली की!" आई म्हणाली, "आणि झोप किती मुलांची मिळणार तिला?" तो प्रश्न बाबांना ऐकू आला नाही.

तर पाच वर्षं मी तुझ्या वाटचंही शिकतेय. रस्त्याच्या अलीकडे वर्कशॉपची इमारत, तेलाचा वास आणि सदा गळणारा नळ. (इंजिनिअरांच्या इमारतीत. हसू नकोस.) पलीकडे व्यवस्थापनाची इमारत, काचा, गालिचा आणि दारावर एक पहारेकरी, जो तेलाचे बूट बघितले की असा ओरडतो जसं काही मी त्याच्या बिछान्यावर चढलेय. म्हणून माझ्या पिशवीत कायम बुटांचे दोन जोड. बसथांब्याच्या बाकावर बसून बदलते. अलीकडचे आम्हाला दुकानदार म्हणतात, पलीकडचे फिटर म्हणतात, आणि दोन्हीकडचे मास्तर समजतात की खरा अभ्यास त्यांच्याचकडे आहे, दुसरीकडे आम्ही हवा खायला जातो. एका दिवशी दोन्हीकडे परीक्षा आली तर तक्रार कुणाकडे करायची हेही आजतागायत कुणाला माहीत नाही.

आता पुरे. हात दुखला. येतोस का ते कळव.

किरकिरी

(नाव तूच ठेवलंस, तेव्हा विसरला नसशील.)


२३ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. आई म्हणते रविवारच्या फोनवर तू विचारलंस, "किरकिरी अजून किरकिर करते का?" म्हणजे पत्र पोचलं. हो, करते. करायला माणूस मिळालाय, सोडीन कशी?

शेवटच्या सहामाहीत प्रत्येकाला एक खरा कारखाना घेऊन त्यातली एक गोष्ट सुधारून दाखवायची असते. अहवालाचे दोन भाग. पहिला मशीनचे सर तपासतात, दुसरा व्यवस्थापनाच्या बाई. शिवाय त्या कारखान्यातला एक माणूस मार्गदर्शक म्हणून लागतो आणि तोंडी परीक्षेला तो हजर राहतो. मार्गदर्शक कोण झालं असेल ते ओळखायला तुला फार डोकं चालवायला नको. बाबांनी त्या दिवसासाठी नवा शर्ट शिवायला टाकलाय. तीन महिने आधी.

विषय मी निवडला, घासणी. म्हणजे तुमचं भांडणच. जेवताना सांगितलं. बाबांनी ताट सरकवलं नाही, एवढंच. म्हणाले, "मार्कांपुरतं लिही." मग बराच वेळ भात कालवत बसले.

तुमचं दोघांचं म्हणणं मी प्रामाणिकपणे लिहून काढलं. तू म्हणायचास, व्हॉल्व्हची बैठक, म्हणजे झाकण टेकतं ती जागा, हाताने घासत बसणं हा वेडेपणा आहे, ग्राइंडिंग मशीन आणा. बाबा म्हणायचे, मशीनला पाया खणायचा तर घासणीची बाकं उचलावी लागतील, पाया सुकेपर्यंत कारखाना दीड महिना बंद, आणि दीड महिना माल मिळाला नाही तर पाण्याच्या पाइपवाली आपली गिऱ्हाइकं दुसरीकडे जातील ती कायमची. तू म्हणालास, तुम्हाला मशीनमधलं कळत नाही. ते म्हणाले, तुला धंद्यातलं कळत नाही. आणि मग दोघांनाही कळेनासं झालं, काय बोलतोय ते. मी जिन्यात उभी होते. सगळं ऐकलंय.

विषय घेतलाच आहे तर बघावं म्हणून मी दोन आठवडे घासणीच्या बाकावर बसले. बैठकीवर पेस्ट लावायची, झाकण ठेवायचं, आठाच्या आकड्यात घासत राहायचं. पहिल्या दिवशी अंगठ्याचं कातडं गेलं. शेजारचे काका म्हणाले, "दाबू नकोस गं, ती काय पोळपाट आहे?" पण शुक्रवारी माझा पहिला व्हॉल्व्ह चाचणीच्या टाकीत बुडवला, हवा सोडली, आणि एक बुडबुडा आला नाही दादा, एक नाही! मी एवढ्याने ओरडले की बाबा ऑफिसातून धावत आले, त्यांना वाटलं बोट गेलं.

हे मी तुला का लिहितेय कोण जाणे. सांगायचं हे नव्हतंच. प्रयोगशाळेच्या लोकांनी मुलाखत घेतली, चांगली झाली. तू कधी येतोस?

किरकिरी


५ एप्रिल

दादा,

आज मला कुणीतरी दोन थोबाडीत माराव्यात. तू लांब आहेस म्हणून वाचलेय.

अहवालाचे दोन्ही भाग मी गेल्या महिन्यात दिले. मशीनचे सर म्हणाले, "उत्तम. असं काम क्वचित बघायला मिळतं." व्यवस्थापनाच्या बाई म्हणाल्या, "फारच छान, हिशोब अगदी स्वच्छ." मी हवेत. बाबांना सांगितलं तर त्यांनी ते घासणीच्या बाकांवर सगळ्यांना सांगितलं, दोन वेळा. काल दोन्ही भाग एकत्र बांधायला नेले. बाइंडरच्या दुकानात गर्दी होती, म्हणून उभ्या उभ्या वाचायला लागले, आणि तिथेच फरशीवर बसले.

पहिल्या भागात मी पाया खणते, बाकं उचलते, कारखाना दीड महिना बंद ठेवते, आणि घासणीवाल्या सगळ्यांना नव्या मशीनवर शिकायला पाठवते. दुसऱ्या भागात त्याच वर्षी कारखाना एकही दिवस बंद नाही, प्रत्येक गिऱ्हाइकाला माल वेळेवर, आणि तीच माणसं बाकावर घासत बसलेली आहेत. कागदावर आपली माणसं एकाच वेळी दोन ठिकाणी उभी आहेत! पहिला भाग मी वर्कशॉपच्या इमारतीत लिहिला, दुसरा काचेच्या. मधे बूट बदलले आणि बहुतेक डोकंही बदललं. ही चूक दुसऱ्या कुठल्या डिग्रीच्या माणसाकडून व्हायचीच नाही, कारण दुसऱ्या कुणाला एकाच कारखान्याबद्दल दोन ठिकाणी लिहावंच लागत नाही.

आणि गंमत बघ, कुणाच्याही लक्षात आलं नाही. सरांनी दुसरा भाग उघडला नाही, बाईंनी पहिला. दोघांनी आपापल्या अर्ध्याला शाबासकी दिली. बाबांनी वाचला, पण त्यांनी फक्त दुसरा भाग वाचला असणार, कारण तो वाचून ते म्हणाले, "बघ, माझंच बरोबर होतं ना?" पहिला भाग तुला पाठवला असता तर तूही हेच म्हणाला असतास.

आता मी काय करणार आहे सांगू? गप्प बसणार आहे. तोंडी परीक्षा मे महिन्यात. तासाभराचा प्रश्न. सर पहिल्याबद्दल विचारतील, बाई दुसऱ्याबद्दल, बाबा नव्या शर्टात मान हलवतील, मी पास होईन आणि जुलैत प्रयोगशाळेत जाईन. त्यांचं पत्रही आलंय, नोकरी पक्की, होकार मेअखेरपर्यंत कळवायचा आहे. कारखाना काही माझ्या अहवालावर चालत नाही. इतकी दमलेय की मला खरंच फरक पडत नाही.

तू आलास तर हे सगळं तुलाच निस्तरायचं आहे, म्हणून आधी सांगून ठेवते.

किरकिरी


१७ मे

दादा,

मला गप्प बसता आलं नाही. नाव ठेवणाऱ्याने बरोबर ठेवलंय.

परीक्षा काचेच्या इमारतीत होती. बाबांना पहारेकऱ्याने अदबीने आत सोडलं, शर्टाचा परिणाम. सर आणि बाई टेबलाच्या दोन टोकांना बसले. बाबा मधे, हात मांडीवर, शाळेतल्या मुलासारखे ताठ. सरांनी मशीनबद्दल विचारलं, मी उत्तरं दिली. बाईंनी गिऱ्हाइकांबद्दल विचारलं, उत्तरं दिली. शेवटी बाई हसून म्हणाल्या, "आणखी काही सांगायचंय?" हा प्रश्न कुणी उत्तर मिळावं म्हणून विचारत नाही. "नाही, धन्यवाद" म्हणायचं आणि उठायचं असतं.

मी बाबांकडे बघितलं. ते इतके खूश होते, दादा. त्यांना वाटत होतं की विद्यापीठाने त्यांना बरोबर ठरवलंय. आणि मला एकदम दिसलं की मी गेल्यावर हा अहवाल ते कपाटात ठेवतील, आल्यागेल्याला दाखवतील, आणि बाकावरचे काका आणखी पंधरा वर्षं अंगठे झिजवतील. मी म्हणाले, "सांगायचंय. हे दोन भाग एका कारखान्याचे नाहीत. मी दोन वेगळे कारखाने लिहिलेत. यातला एकही चालणार नाही." आणि सगळं सांगून टाकलं.

सरांनी प्रथमच दुसरा भाग ओढून घेतला. बाईंनी पहिला घेतला. बराच वेळ नुसती पानं उलटत होती. मग सर म्हणाले, "हे बाईंनी बघायला हवं होतं." बाई म्हणाल्या, "वा, तांत्रिक गोष्टी आम्ही कशा बघणार?" आणि जे सुरू झालं ते अगदी तुमचं जिन्याखालचं भांडण, फक्त सभ्य आवाजात. मी आणि बाबा ऐकत बसलो. निकाल असा की मार्क राखून ठेवले आहेत. दोन्ही भाग एका कारखान्याचे करून महिन्याभरात द्यायचे, नाहीतर सहामाही पुन्हा.

बसमधून उतरताना बाबा म्हणाले, "सगळं सरळ चाललं होतं. तोंड उघडायची काय गरज होती तुला?" मला रडूच फुटलं. भर रस्त्यात. मी म्हणाले, "कारण कारखाना खरा आहे, बाबा. तिथे माणसं बसतात." ते पुढे चालत गेले. कोपऱ्यावर थांबले, मी येईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते तर मागे येऊन उभे राहिले. "दोन कारखाने चालणार नाहीत म्हणालीस. मग चालणारा कुठला?" मी तोंडात फेस घेऊन म्हणाले, गोदाम.

खरंच, दादा. तुला फक्त मशीनची जागा दिसत होती, त्यांना फक्त गिऱ्हाइकांच्या तारखा. मागच्या गोदामाकडे दोघांनीही बघितलं नाही, कारण ते तुझ्या लेखी कारखाना नव्हतं आणि त्यांच्या लेखी देवघर होतं. बाकं आधी गोदामात हलवायची, घासणी तिथे चालू ठेवायची, मग इकडे निवांत पाया खणायचा. एक दिवससुद्धा बंद नाही. फक्त गोदाम रिकामं करायला हवं आणि उजेडासाठी भिंतीत खिडकी पाडायला हवी, कारण घासलेला पृष्ठभाग विजेच्या दिव्याखाली कळत नाही. हे मला बाकावर बसल्यामुळे माहीत.

रिकामं करायचं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. बाबांनी सुरुवातीला केलेला जुन्या मापाचा सगळा माल तिथे आहे, जो आता कुणी विकत घेत नाही आणि जो ते भंगारात देत नाहीत. ते दिवसभर गोदामात एकटेच होते. मी चहा घेऊन गेले तर एक व्हॉल्व्ह मांडीवर घेऊन बसलेले. म्हणाले, "हा तू जन्मलीस त्या वर्षीचा." मला वाटलं, संपलं, आता काही खरं नाही. चहा प्यायले. मग म्हणाले, "हा एक ठेवतो. बाकीच्यासाठी भंगारवाल्याला बोलाव."

अहवाल नव्याने लिहितेय. या वेळी एकाच टेबलावर, स्वयंपाकघरात. आई म्हणते कागदांमुळे तिला भाजी चिरायला जागा नाही.

प्रयोगशाळेला उत्तर दिलं का? लिहीन. अजून दोन आठवडे आहेत.

किरकिरी


१२ जून

दादा,

तुझं पत्र आलं. पाच वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, अजून तितकंच घाणेरडं आहे. आईने वाचून दाखव म्हटलं आणि मी पहिल्या ओळीनंतर गप्प झाले, तर तिनेच हातातून घेऊन वाचलं, चष्मा न लावता. मग पदर डोळ्यांना लावून उभी राहिली. तू येतोयस म्हटल्यावर तिला बाकी काही ऐकायचं नव्हतं.

मला मात्र बाकीचंही वाचावं लागलं.

तू लिहितोस, शेवटी बाबांना पटलं, मी म्हणत होतो तेच झालं. तू येऊन मशीन बसवतोस. मी ऑफिस बघावं, किंवा हवं तर प्रयोगशाळेत जावं, जायचंच होतं ना मला. "तू फार दमलीस गं, आता सोड, मी बघतो." ही ओळ मी किती वेळा वाचली असेल. तू ती मायेने लिहिलीस हे मला कळतंय. जानेवारीत मी हेच मागितलं होतं. तेव्हा हे पत्र आलं असतं तर मी कागदाचा मुका घेतला असता. काल मी ते घेऊन गोदामात गेले आणि नव्या खिडकीशी उभी राहून तुला इतक्या शिव्या दिल्या की काकांनी घासणी थांबवली.

तू म्हणत होतास तेच झालं नाही, दादा. तू म्हणत होतास ते झालं असतं तर कारखाना दीड महिना बंद असता. बाबा म्हणत होते तेही झालं नाही. झालं ते मी म्हटलेलं. हे लिहायला मला संकोच वाटतोय, पण मी लिहितेय.

अहवाल मंजूर झाला. सर आणि बाई, दोघांनीही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला, आणि दोघांच्या सह्या एकाच कागदावर आहेत. कार्यालयातला कारकून म्हणाला असं आधी झालेलं नाही, आता कुठल्या फायलीत लावू? प्रयोगशाळेला मी नकार कळवला, मेअखेरीलाच. तुला मागच्या पत्रात सांगितलं नाही, कारण तेव्हाच माझं ठरलं होतं आणि मला ते कबूल करायची लाज वाटत होती. पाच वर्षं जे नको नको म्हणून रडले तेच हवंसं वाटायला लागलं, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

बाबांना तुझं पत्र दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, घडी घातली, आणि म्हणाले, "तो आला तर मशीन त्याच्याकडे, ऑफिस तुझ्याकडे. पहिल्यापासून असंच ठरलं होतं." इतक्या आनंदाने म्हणाले. त्यांची दोन मुलं त्यांना परत मिळत होती. मी त्यांना "नाही" म्हटलं. मशीन माझ्याकडे आणि ऑफिसही माझ्याकडे. पुन्हा दोन माणसं दोन खोल्यांत बसली तर पुन्हा दोन कारखाने होतील, आणि मधल्या जिन्यात या वेळी कोण उभं राहणार? त्यांनी पत्र माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाले, "तर मग त्याला तूच लिही. मला जमणार नाही."

म्हणून लिहितेय. ये. आईसाठी ये, बाबांसाठी ये. ते रोज संध्याकाळी फाटकाशी जाऊन येतात, विचारलं तर म्हणतात कुलूप बघायला गेलो होतो. माझ्यासाठीही ये. मला तुझी खूप आठवण येते आणि त्याचा मला रागही येतो. पण कारखान्यात यायचं असेल तर माझ्या हाताखाली यावं लागेल. मशीन कधी बसणार, कोण चालवणार, कुठल्या गिऱ्हाइकाला किती दिवस थांबवायचं, हे मी ठरवणार. तुला माझ्यापेक्षा मशीनमधलं जास्त कळतं, हे मी सगळ्यांसमोर कबूल करीन आणि रोज तुला विचारीन. शेवटचं मात्र मी बोलणार. बहिणीच्या हाताखाली काम करणं तुला जमेल का, हे आगगाडीत बसायच्या आधी ठरव, नंतर नको. पुन्हा एकदा कुणी निघून गेलेलं आईला झेपणार नाही.

दमले आहे, हे खरंच आहे. उठते ती दमलेली आणि झोपते ती दमलेली. पण ते तुला हलकं करता येणार नाही, आणि मला ते कुणाला द्यायचंही नाही.

सोमवारी पाया खणायला घेतोय. त्याआधी आलास तर बरं होईल, हात कमी पडताहेत.

किरकिरी